आत्याच्या हातचं तेल

"पाय आपटू नकोस रे! जमीन तुझ्या बापाचीच आहे, पळून नाही चालली कुठे!"

गुंडाळलेल्या चटईवर काठ्यांनी ठेका धरता धरता तेलेसिया ओरडली, आणि बिनभिंतींच्या त्या मोठ्या घरात खांबांना टेकून बसलेली सगळी मंडळी खो खो हसली. मधोमध नाचणारा मारेकोही हसला. नऊ वर्षांचं पोर, पण गुडघे असे वाकवायचा आणि मनगट असं वळवायचा की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही बघत राहावं. त्याला नाच तेलेसियाने शिकवला होता, आणि हे ती कुणाला विसरू देत नव्हती.

सकाळपासून तिच्या अंगात वारं संचारलं होतं. उद्या तिच्या धाकट्या भावाला, तानिएलूला, घराण्याचं मताईपद, म्हणजे प्रमुखपद, मिळणार होतं. वडील गेल्यापासून ते पद रिकामंच पडलं होतं. दोन शाखांची भांडणं झाली, कोर्टात खेटे झाले, रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी घराण्यातल्या सगळ्यात वडील इओआनेकाकांनी तानिएलूचं नाव घेतलं. आता ऑकलंडहून, सिडनीहून आप्तमंडळी बोटीने सामोआच्या सवाई बेटावर उतरत होती. मागच्या अंगणात तरुण पोरं भट्टीचे दगड रचत होती, डुकरं बांधल्या जागी ओरडत होती, तारोच्या कंदांची रास कमरेएवढी झाली होती आणि बायका ठेवणीतल्या तलम चटया उन्हात पसरून एकमेकींच्या विणीला नावं ठेवत होत्या.

आणि सगळ्यात शेवटी, भाषणं झाली, जेवणं झाली की शेवटचा नाच. तो नव्या मताईच्या मुलीने किंवा मुलाने करायचा. तानिएलूला एकच लेक, मारेको. कमरेला चटई, गळ्यात डुकराच्या सुळ्यांची माळ, आणि उघड्या अंगावर तेल असं की पोरगं लांबून चमकलं पाहिजे. ते तेल लावायचा मान बापाच्या बहिणीचा. ऑकलंडमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या फरशा पुसताना तेलेसियाने हा दिवस मनात कितीदा तरी रंगवला होता. पोटचं मूल नव्हतं तिला. मोठं ऑपरेशन झालं, नवरा आधीच गेलेला, मग ती सामान बांधून भावाच्या घरी परत आली ती थेट मारेकोच्या शिकवणीलाच बसली.

"आता सदरा काढ," ती म्हणाली. "अंग दिसल्याशिवाय नाच कळत नाही."

मारेकोचं हसू मावळलं. त्याने अंगातली रग्बीची जर्सी दोन्ही हातांनी धरली. "नको."

"नको काय? उद्या काय कोट घालून नाचणार आहेस?"

"नको म्हटलं ना, आत्या."

"अरे लाजतोस कुणाला? ह्यातल्या निम्म्या जणींनी तुला न्हाऊ घातलंय!" ती उठली, हसत हसतच पुढे झाली आणि जर्सीचं टोक धरून वर ओढायला गेली. मारेको असा किंचाळला की मागची डुकरंसुद्धा गप्प झाली. तिला ढकलून तो धावत सुटला तो फणसाच्या झाडामागे.

मारेकोचा मामा विलियामू पोट धरून हसत होता. गावातला सगळ्यात जाडा माणूस, दुकानदार, आणि नाचाच्या वेळी कडेने सोंगं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मधला नाचणारा जितका शांत आणि देखणा, तितकी भोवतीच्या नातेवाइकांनी माकडचेष्टा करायची, लोळायचं, धडपडायचं, म्हणजे मधला आणखी उठून दिसतो. "घाबरू नका, तेलेसियाताई," तो म्हणाला, "पोरगं नाही आलं तर मी नाचतो मधे. तुम्ही कडेला लोळा."

"मी जन्मात कधी कडेला लोळले नाही," तेलेसिया फणकारली. "मी मधे नाचणारी." आणि ते खरंच होतं. लग्नाआधी तिचा नाच बघायला पलीकडच्या बेटावरून माणसं यायची.

फणसामागे मारेको गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ती शेजारी टेकली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि जर्सी गळ्यापर्यंत वर केली.

पोराची छाती दोन्ही बाजूंनी वर आली होती. नुकत्याच मोठ्या होऊ लागलेल्या मुलीची असावी तशी. बोंडांखाली गाठीसारखं घट्ट काहीतरी होतं. तिने बोट लावलं तसा तो कळवळला.

"दुखतं?"

"हो. पालथं झोपलं की फार दुखतं."

तिला आठवलं. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की ती त्याला पालथा घालून पाय, पाठ, खांदे चोळून द्यायची, सांधे मोकळे राहावेत म्हणून. गेले काही दिवस पालथं व्हायला तो कुरकुरत होता आणि ती त्याला आळशी म्हणत होती.

"आईला माहीत आहे?"

मारेकोने मान डोलावली. आईला माहीत होतं. आपल्याला नव्हतं. तेलेसियाच्या भीतीत आता रागही मिसळला.

* * *

"आकेनेसे!"

भावजय शिंपल्याने तारो सोलत होती. हातातला शिंपला तिने खाली ठेवला. "काय वन्सं?"

"पोराच्या छातीचं कधीपासून माहीत आहे तुला?"

भोवतीच्या बायकांचे हात थांबले. तानिएलू चटया मोजत होता, त्यानेही वर बघितलं. भावाच्या घरी बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत. त्यामुळे तेलेसियाने आवाज चढवला की आपोआप सगळे ऐकायला बसत.

आकेनेसेने हात पुसले. "महिना झाला असेल. मागच्या आठवड्यात आपियाला गेले होते ना, ते कापड आणायला नव्हते गेले. त्याला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. रक्त घेतलं त्यांनी, फोटो काढले. आज उद्या कळेल."

"मला नाही सांगितलंस?" तानिएलू उठलाच.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ताईंना सांगितलं असतं, आणि ताईंनी..." ती थांबली.

"बोल ना. ताईंनी काय?"

"सगळ्या गावाला सांगितलं असतं, वन्सं. तुमचा आवाज चर्चच्या घंटेपेक्षा लांब जातो."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. तेलेसियाचे कान तापले. लागलं तिला, आणि लागलं की तिची जीभ सैल सुटायची. "आणि हे झालं कशाने ते मी सांगते! रोज उठून भावाच्या दुकानातली ती परदेशातली गोठवलेली कोंबडी. खोकीच्या खोकी! सुया टोचून फुगवलेल्या कोंबड्या त्या. तेच घातलंस पोराच्या पोटात, तेच दिसतंय त्याच्या छातीवर. माझ्या आईने आम्हाला मासे आणि तारो खाऊन वाढवलं. झालं का तानिएलूला असलं काही?"

"ओ ताई, दुकान मध्ये आणू नका," विलियामू पुढे सरसावला. त्याचं हसू गेलं होतं. "तुमच्या ऑकलंडच्या पाहुण्यांनी कालच दोन खोकी नेली. पैसे नंतर देतो म्हणालेत."

"ताई बरोबर बोलतेय," तानिएलू म्हणाला. "मीसुद्धा म्हणत होतो, रोज कोंबडी नको."

"तुम्ही?" आकेनेसे नवऱ्याकडे वळली. "परवा मी मासा केला तर तोंड वाकडं कुणी केलं?"

झालं, घराचे दोन भाग पडले. तानिएलूकडची मंडळी एका बाजूच्या खांबांशी, आकेनेसेच्या माहेरची दुसऱ्या. मधे ती रिकामी जागा, जिथे मघाशी पोर नाचत होतं. विलियामूने घसा साफ केला. "मी काय म्हणतो, पोराला त्रास कशाला? माझी थोरली आहे. तिला नाच येतो. उद्यापुरती ती उभी राहील."

तेलेसियाला ते बरोबर कळलं. घराण्याच्या पदाचा शेवटचा नाच भावजयीच्या माहेरच्या पोरीने करायचा! पुढची तीस वर्षं गाव तेच बोललं असतं. "नाच मारेकोच करणार," ती म्हणाली.

"मग सदरा घालून करू दे," कुणीतरी सुचवलं.

कोपऱ्यातून इओआनेकाकांची काठी वाजली. पिकलेला माणूस, फार बोलत नसत. "सदरा घालून शेवटचा नाच मी बघितलेला नाही," ते म्हणाले. "पण रडणारं पोर नाचताना तर मुळीच बघितलेलं नाही. आधी पोराला काय झालंय ते कळू द्या."

* * *

ते दुपारीच कळलं. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पेनिनाची गाडी अंगणात शिरली तेव्हा आकेनेसे घाईने उठताना धडपडली, आणि भांडण विसरून तेलेसियानेच तिचा दंड धरला. पेनिना शेजारच्या गावची. लहानपणी रविवारच्या शाळेत तेलेसियाकडून कान पिळून घेतलेली. चटईवर मांडी घालून बसली, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "आईवडिलांशी एकटं बोलू का?"

"सगळ्यांना कळलंय आता," आकेनेसे म्हणाली. "सगळ्यांसमोर सांग."

"मारेकोला चालेल?"

खांबाआडून मारेकोने मान डोलावली.

"मग आधी चांगलं सांगते. कॅन्सरची गाठ कुठेही नाही. पोटाचे, खालचे, सगळे फोटो साफ आहेत."

आकेनेसेने कमरेला गुंडाळलेल्या लावालावाची कड पदरासारखी तोंडावर धरली आणि रडू लागली. तानिएलू मोठ्याने "देवा!" म्हणाला. तेलेसियाच्या छातीवरची धोंड उतरली.

"आता बाकीचं. शरीरात एक हार्मोन असतं. बायकांमध्ये जास्त, पुरुषांमध्येही थोडं. त्यानेच छाती वाढते. वयात येताना बऱ्याच पोरांमध्ये त्याचं गणित जरा बिघडतं, छाती सुजते, दुखते आणि पुढे आपोआप बसते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण मारेको वयात आलेला नाही अजून. म्हणून मी रक्त तपासायला लावलं. त्याच्या रक्तात ते हार्मोन खूप आहे, आणि त्याचं शरीर काही ते बनवत नाहीये. ते बनवायला डोक्यातून जे हुकूम सुटावे लागतात ते झोपलेत सगळे. म्हणजे ते बाहेरून त्याच्या अंगात जातंय."

"कोंबडी!" तेलेसिया म्हणाली.

पेनिना हसली. "मावशी, कोंबडीने असं होत असतं तर सगळ्या सामोआतल्या पुरुषांना चोळ्या शिवाव्या लागल्या असत्या. आणि पहिली ह्या मामांना."

विलियामूने दोन्ही हात छातीवर नेले आणि इतका लाजला की दोन्हीकडचे खांब हसले. मघापासून ताणलेलं घर जरा सैल झालं.

"घरात कुणाच्या गोळ्या त्याच्या हाती लागतात? बाळ होऊ नये म्हणून घेतात तसल्या?"

"नाही," आकेनेसे म्हणाली.

"अंगाला काय लावता त्याच्या?"

"तेल," तेलेसिया म्हणाली. "मी स्वतः काढलेलं, खोबऱ्याचं. मोसोओईची फुलं घालून. रोज चोळते मी त्याला." तिने बाटली पुढे केली. पेनिनाने वास घेतला, बोटावर थेंब घेऊन बघितला.

"ह्यात काही नाही. मग दुसरं सांगा. घरात कुणी जेल वापरतं का? पाळी गेल्यावर किंवा ऑपरेशननंतर बायकांना अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, त्यावर देतात. बाटली दाबली की बाहेर येतं, कातडीवर चोळायचं. त्यात हेच हार्मोन असतं. ज्याने लावलंय त्याचं अंग दुसऱ्याच्या अंगाला लागलं की तिकडे जातं."

तेलेसिया सवयीने "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला आकेनेसेचा चेहरा दिसला.

आकेनेसेची नजर क्षणभर तिच्याकडे आली आणि खाली चटईवर गेली. दर शनिवारी तेलेसियाच्या खोलीतली फळी तीच पुसायची. फळीवर बायबल, नवऱ्याचा फोटो, आणि ऑकलंडच्या डॉक्टरांनी दिलेली ती पांढरी दाबायची बाटली. आकेनेसेला कळलं होतं. तेलेसियाच्या आधी कळलं होतं. आता फक्त बोट दाखवायचं होतं. मघाशी सगळ्यांसमोर कोंबडीवरून जे ऐकलं, त्याची पुरेपूर फेड झाली असती.

"मी शोधून बघते, डॉक्टर," आकेनेसे हळूच म्हणाली. "सापडलं तर दवाखान्यात येऊन सांगते."

तेलेसियाला वाटलं, हिने मला चारचौघांत थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

"शोधायचं काय त्यात?" ती म्हणाली. "माझ्या फळीवर आहे." उठली, गेली, बाटली घेऊन आली आणि सगळ्यांच्या मधे चटईवर ठेवली. "हे काय. माझं आहे. पण मी हात धुते, पोरी! साबणाने, कोमट पाण्याने. ऑकलंडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळांना लागू देऊ नका, म्हणाले. हा काय बाळ आहे का?"

"कुठे लावता?"

"इथे." तेलेसियाने बाही वर केली आणि कोपरापासून मनगटापर्यंत तळहात फिरवला. "दोन्ही हातांना. प्रार्थनेच्या आधी."

"आणि मालिश प्रार्थनेनंतर. कशी करता ती?"

"कशी म्हणजे? आपण करतो तशी!" ती तानिएलूकडे वळली. "पाय पसर." उद्याच्या मताईने मुकाट्याने पाय पसरला. तेलेसियाने गुडघा टेकला, थेंबभर तेल घेतलं आणि भावाच्या पोटरीवर हात ठेवला. तळहात नाही. मनगटापासून कोपरापर्यंतचा अख्खा हात, लाटण्यासारखा. तिच्या आईने तिला शिकवला होता तसा. अर्ध्या पोटरीपर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला.

तळहात ती रोज धूत होती. पण चोळत होती ती हाताच्या दुसऱ्याच भागाने. रोज. इतक्या मायेने.

"म्हणजे आता मलापण येणार का?" तानिएलूने घाबरून पाय मागे ओढला, आणि घरभर असा हशा फुटला की इओआनेकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेलेसियाच्याही आलं, पण ते वेगळं होतं.

"बंद नका करू एकदम," पेनिना तिला म्हणाली. "तुम्हाला ते लागतं. आपण गोळ्यांचं बघू. तोवर मांडीला लावा, कपड्याने झाका आणि पोराच्या अंगाला हात नको."

"मग माझं जाईल?" मारेको खांबाआडून पुढे आला.

"जाईल. काही महिने लागतील. मी बघत राहीन."

"उद्यापर्यंत?"

पेनिनाने मान हलवली. "उद्यापर्यंत नाही रे राजा."

* * *

ऊन उतरल्यावर तेलेसिया मागच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसली होती. अंगणात गडबड वाढत चालली होती, गाणी सुरू झाली होती, आणि एरवी तिने त्यातल्या प्रत्येकाच्या चुका काढल्या असत्या. आकेनेसे गरम कोकोचा पेला घेऊन शेजारी बसली.

"तू बोलली का नाहीस?" तेलेसियाने विचारलं.

"सगळ्यांसमोर बोलणं ऐकून घ्यायला कसं वाटतं ते मला दुपारीच कळलं होतं, वन्सं."

तेलेसियाने पेला घेतला. "कोंबडीचं बोलले ते चुकलं माझं."

"चुकलंच. माझा भाऊ अजून फुगून बसलाय."

"तो नेहमीच फुगलेला असतो," तेलेसिया म्हणाली आणि दोघी हसल्या. मग ती म्हणाली, "पोराला मी किती जपलं गं. माझ्याच हाताने व्हायचं होतं हे."

"तुम्ही त्याला नाचायला शिकवलंत. तेही त्याच हाताने." आकेनेसेने तेलाच्या बाटलीकडे बघितलं. "उद्या तेल कोण लावणार?"

तेलेसियाने शेजारची मोसोओईच्या वासाची बाटली उचलून भावजयीच्या मांडीवर ठेवली. "तू. छातीला हळू लाव, दुखतं त्याला."

* * *

दुसऱ्या दिवशी सगळं व्हायचं तसंच झालं. भाषणं इतकी लांबली की भट्टीतली डुकरं थंड झाली. तानिएलूला पद मिळालं, त्याचा आवाज पहिल्याच वाक्याला फुटला, चटया वाटल्या गेल्या आणि कुणाला कमी तलम मिळाली यावरून दोन रुसवेही झाले. दुपार कलली तशी हिरवळीवर माणसांचा वेढा पडला. गुंडाळलेल्या चटईवर काठ्यांनी ठेका धरला. आता शेवटचा नाच.

हिरवळीच्या कडेला बांधलेल्या पडद्यामागे मारेको कमरेला चटई नेसून बसला होता, वर रग्बीची जर्सी तशीच. आकेनेसे तेलाची बाटली धरून हताश उभी होती. विलियामूची थोरली बाजूला तयार होतीच.

तेलेसिया चार पावलांवर थांबली. तिने नवा निळा पोशाख घातला होता, या दिवसासाठी ऑकलंडहून शिवून आणलेला. हात तिने मागे बांधले, जवळ जाऊ नयेत म्हणून.

"बोल," ती म्हणाली. "नाचायचं नसेल तर नको. कुणी रागावणार नाही. मीसुद्धा नाही. पण खरं सांग, नाचायचंय का?"

"नाचायचंय," मारेको म्हणाला. त्याने जर्सीचं टोक घट्ट धरलं. "पण लोक हसतील, आत्या."

हसणार नाहीत, असं म्हणणं सोपं होतं. पण त्या वेढ्यात पोरं होती, शाळेतली होती, आणि तिने उभ्या आयुष्यात गावाला न हसलेलं बघितलं नव्हतं.

"हसतीलच," ती म्हणाली. "त्यांना हसायला मी देते. तू मला बघून नको हसूस म्हणजे झालं. मधला कधी हसत नाही."

मारेको तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने जर्सी डोक्यावरून काढली. आकेनेसेने तळहातांवर तेल घेतलं आणि त्याचे खांदे, पाठ, दंड, आणि अगदी हलक्या हाताने छाती माखली. तेलेसियाला तिथून वास आला. तिचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते.

मारेको बाहेर आला. उन्हात पोर लखलखलं. गळ्यातल्या सुळ्यांच्या माळेखाली जे दिसायचं ते दिसत होतंच. वेढ्यात कुठेतरी कुजबुज झाली, एका पोराने दुसऱ्याला कोपर मारलं, आणि तेलेसियाला ते हसू येताना दिसलं.

तेवढ्यात पडद्यामागून कोंबडी ओरडल्यासारखा एक भयंकर आवाज आला.

निळ्या पोशाखातली, पिकल्या केसांची, उभ्या जन्मात कधी कडेला न गेलेली तेलेसिया, कोपरं पंखांसारखी फडफडवत, मान पुढेमागे करत मैदानात शिरली. "गोठले! गोठले!" म्हणत ती पाय आखडून ताठ झाली, तशीच आडवी पडली आणि हिरवळीवर लोळत गेली. क्षणभर गावाला विश्वासच बसला नाही. मग असा हशा उसळला की ठेका धरणाऱ्यांच्या काठ्या चुकल्या. विलियामूने "माझं खोकं पळालं!" म्हणून आरोळी ठोकली आणि ढेरी सांभाळत तो तिच्यामागे धावला. तो धावला तशी त्याच्याकडची सगळी माणसं उठली, मग तानिएलूकडची, मग इओआनेकाकाही काठी टेकत दोन पावलं उड्या मारून गेले. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. मघाशी कोपर मारणारं पोर तेलेसियाकडे बोट दाखवून गडाबडा लोळत होतं.

आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध मारेको नाचत होता. संथ, ताठ मानेने, हनुवटी उचललेली. मनगट वळत होतं, गुडघे वाकत होते, तेल चमकत होतं. म्हाताऱ्या बायका हसता हसता गप्प होऊन त्याच्याकडे बघत आणि पुन्हा हसत. आकेनेसे टाळ्या पिटत रडत होती.

तेलेसियाचा निळा पोशाख हिरवा झाला होता, गुडघे सोलवटले होते. पंख पसरून ती त्याच्याभोवती फिरत होती, पण हातभर लांबून. एकदाही तिचा हात त्याला लागला नाही. फिरता फिरता त्याच्या अगदी समोर आली आणि कोंबडीसारखी पाय आपटून उभी राहिली.

मारेकोचा चेहरा हलला नाही. ओठसुद्धा जेमतेम हलले.

"आत्या," तो पुटपुटला, "पाय आपटू नकोस. जमीन माझ्या बापाचीच आहे."

तेलेसियाने आणखी जोरात आपटला.